डिप्रेशनचा फॉर्म आलाय, नाव-रोल नंबर टाकून. खरं भरायचं का?

साक्रीची_जेआर_वन

नमस्कार. मी मेडिसिनला जेआर वन, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाची रेसिडेंट आहे, खान्देशातल्याच एका कॉलेजात, कुठल्या ते लिहीत नाही. गाव साक्रीकडचं. घरात पहिलीच डॉक्टर.

परवा आमच्या रेसिडेंट्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म आला, सगळ्या पीजींनी शनिवारपर्यंत भरायचाच म्हणून. वर नाव, रोल नंबर, डिपार्टमेंट, युनिट, मोबाइल, आणि खाली पीएचक्यू नाइन, म्हणजे डिप्रेशन तपासायच्या फॉर्मचे नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, शून्य ते तीन. भरलेलं कोण बघणार ते कुठेच लिहिलेलं नाही. मी ग्रुपवर विचारणार होते पण विचारलं की लगेच लक्षात राहतं कोणी विचारलं ते, म्हणून नाही विचारलं.

रात्री पावणेचारला कॅज्युअल्टीत होते. बांधावर गवत कापताना साप चावलेली एक बाई आली होती, संध्याकाळी चावलेला, दोन ठिकाणी फिरून आमच्याकडे पोचली. तिचं दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये घेऊन ठेवलं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायचं गोठलंय का. ती वीस मिनिटं मला त्या रात्रीतली पहिली बसायला मिळालेली. बसल्याबसल्या फॉर्म उघडला आणि का कोण जाणे सगळं खरं भरलं. कशात मन लागत नाही, दोन. उदास, दोन. झोप तीन, थकवा तीन, जेवण दोन. सहावा प्रश्न स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण कामाचे नाही, घरच्यांची मान खाली घातली असं वाटणं, त्यावर तीन टाकताना हातच थांबला माझा, कारण हे कुणाला तरी माहीत आहे, कुणीतरी प्रश्न करून छापून ठेवलंय हेच मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे एमबीबीएसला वाचलं होतं, पण ते पेशंटसाठी. लक्ष लागत नाही, एक. आठव्याला शून्य. नववा मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याचा, त्याला एक टाकला. काही करायचं मनात नाही, पण हॉस्टेलला परत येताना कधीतरी वाटतं की उद्याची सकाळ नाही झाली तरी चालेल. बेरीज १७.

मग ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे विषाने गोठणं थांबलेलं. एएसव्ही, सापाच्या विषावरचं औषध, चालू केलं, दहा व्हायल, नातेवाइकांची सही, रिअॅक्शन येते का बघत बेडशेजारी उभी राहिले. पाच-साडेपाचला परत फोन हातात घेतला आणि एकेक उत्तर बदललं. झोप एक, थकवा दोन, बाकी सगळं शून्य. बेरीज तीन. सबमिट अजून केलेलं नाही, टॅब तशीच उघडी आहे.

आई रोज फोनवर विचारते, जेवनी का वं माय, मी हो म्हणते. कानबाईला घरी जायचं होतं, रोट असतात आमच्याकडे, सगळं भाऊबंद जमतं, सुट्टी मागितली नाही कारण मागच्या महिन्यात एका को-पीजीने मागितली तेव्हा सगळ्या राऊंडसमोर त्याला जे ऐकवलं ते मी ऐकलंय. आई म्हणाली कव्हय येशी (कधी येशील), मी म्हटलं बघू.

तर प्रश्न एवढाच की खरं भरू का? १७ भरलं तर एचओडींना (विभागप्रमुखांना) कळेल का, थीसिसवर, पासनापासवर परिणाम होईल का, पुढे रजिस्ट्रेशनला काही अडचण येते का? आणि तीन भरलं तर मग या फॉर्मचा उपयोग काय, माझ्यासारखे सगळेच तीन भरणार. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

मनोविकार_जेआर_थ्री

आधी नवव्या प्रश्नाबद्दल, बाकी सगळं नंतर. तू एक टाकलास आणि इथे लिहिलंस हे फार बरं केलंस. त्या प्रश्नाला शून्याच्या वर काहीही आलं तर बेरीज किती ते न बघता आम्ही त्या माणसाशी त्याच दिवशी बोलतो. म्हणून आजच एका माणसाशी तोंडाने बोल, टाइप करून नाही. को-पीजी, बहीण, शाळेतली मैत्रीण, कुणीही. आणि टेलीमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ड्युटी रूममधून करता येतो. आणि ते विचार वाढले, काही करावंसं वाटायला लागलं, तर फॉर्म, अपॉइंटमेंट सगळं बाजूला ठेवून जवळच्या माणसाला घेऊन सरळ कॅज्युअल्टीत जायचं, कुठल्याही. तिथे तू डॉक्टर नाहीस, पेशंट आहेस.

आता स्कोअर. पीएचक्यू नाइनमध्ये ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र असं धरतात, जास्तीत जास्त २७. रेसिडेंट लोकांचं एक नेहमीचं म्हणणं असतं की झोप, थकवा, भूक हे तीन प्रश्न आम्हाला लावूच नका, झोप येत नाही असं नाही, झोपूच देत नाहीत, आणि मेस दोनला बंद होते तेव्हा आम्ही ओपीडीत असतो. बरोबर आहे ते. म्हणून तुझे ते तीन काढून बघ. आठ गेले, नऊ उरले, फक्त सहा प्रश्नांत. पहिल्या दोन प्रश्नांचीच बेरीज चार आहे, तेवढे दोनच प्रश्न वापरले तरी तीनला आपण पुढची तपासणी करायला सांगतो. आणि सहाव्याला पूर्ण तीन. नुसत्या जागरणाने माणूस चिडचिडा होतो, विसरतो, पण आपण कामाचे नाही असं रोज वाटणं हे जागरणाचं लक्षण नाही, ते आजाराचं आहे. हे मी फोरमवर बसून निदान करत नाहीये, निदान समोर बसून होतं, पण 'जेआर वनमध्ये सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडून द्यायची गोष्ट ही नाही एवढं नक्की सांगते.

सगळ्यांनाच होतं का तर नाही. अमेरिकेत २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला, इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी त्या मुलांचा हाच फॉर्म भरून घेतला होता आणि मग वर्षभर दर तीन महिन्यांनी. आधी १० किंवा त्याच्या वर असलेले ३.९ टक्के, वर्ष चालू असताना सरासरी २५.७ टक्के. तीच मुलं, तीच घरं, तेच स्वभाव, बदललं ते काम. म्हणजे तू नाजूक आहेस म्हणून झालं असं मनात असेल तर काढून टाक. पण त्याच आकड्यात हेही आहे की कुठल्याही एका वेळी चारातले तीन जण त्या रेषेच्या वर नव्हते, म्हणजे हे नॉर्मलही नाही.

माझं स्वतःचं सांगते, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. जेआर वनच्या सातव्या महिन्यात मी माझा स्कोअर काढला तेव्हा १९ होता. सायकियाट्रीची रेसिडेंट, रोज दुसऱ्यांना हाच फॉर्म देणारी, आणि मला आपल्याच ओपीडीत केसपेपर काढायची हिंमत झाली नाही, कारण काउंटरवरच्या मावशींपासून सगळे ओळखतात. मी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन दाखवलं, एसटीने अडीच तास. गोळ्या घेतल्या, पहिले दहा दिवस नुसती मळमळ, तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की सकाळी चहा पिताना चहाची चव लागली. नऊ महिने घेतल्या. रजिस्ट्रेशन शाबूत आहे, थीसिस सबमिट झाला, कुणी काही विचारलं नाही.

दोन गोष्टी करू नकोस. स्वतःच एसिटालोप्राम (डिप्रेशनची गोळी) लिहून घेऊ नकोस आणि को-पीजीकडून लिहून घेऊ नकोस, आपल्यात हे फार चालतं, डोस कोण वाढवणार, कधी थांबवणार, कोणी बघत नाही. आणि झोपेच्या गोळ्या तर अजिबात नाही. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी ट्वेल्व्ह करून घे, आपल्याकडच्या मुलींमध्ये बऱ्याचदा यातलं काहीतरी कमी-जास्त निघतं.

पीएसएम_मॅडम

मी एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवते आणि असा फॉर्म मी स्वतः पाठवलेला आहे, म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, आठ दिवसांत अहवाल द्या. मी नाव आणि रोल नंबर ठेवला, कारण नाव नसेल तर जो अडचणीत आहे त्याला शोधणार कसं असं मला खरंच वाटलं होतं. उत्तरं आली. एक्सेलमध्ये उघडली आणि बघत बसले, ओळीच्या ओळी शून्य. नवव्या प्रश्नाचा अख्खा कॉलम शून्य. त्या आठवड्यात दोन मुलं मला जिन्यात रडताना दिसली होती, त्यांचेही शून्य. तो अहवाल मी पाठवला नाही, सांगून टाकलं की ही माहिती वापरण्यासारखी नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर म्हणूनच देते. हो, नाव मागितलं की सगळे तीन भरतात.

आमच्याच विषयात स्क्रीनिंगचे, म्हणजे तक्रार न घेऊन आलेल्यांतून आजारी शोधायचे, नियम शिकवतात, विल्सन आणि जंगनर, १९६८, तू पाठ केले असशील परीक्षेला. त्यात एक आहे की ज्याचा इलाज द्यायची सोय नाही त्याचं स्क्रीनिंग करू नये. आता हिशोब कर. १०० रेसिडेंट धर, त्यातल्या १० जणांना खरोखर आजार आहे असं धर. या फॉर्मचा २००१ मध्ये अभ्यास छापून आला, त्यात १० च्या रेषेला सेन्सिटिव्हिटी (आजार असलेले सापडणं) ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेले बरोबर वगळणं) पण ८८ टक्के होती. म्हणजे दहातले नऊ सापडतील, आणि बाकीच्या नव्वदमधले अकरा जण आजार नसताना पॉझिटिव्ह येतील. वीस नावं हातात येतील, निम्मी खरी. त्या वीस जणांशी प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बसून बोलणारा माणूस लागतो, जो त्यांचा परीक्षक नाही, ज्याच्या सहीवर त्यांची टर्म अवलंबून नाही. तो माणूस ठरलेला नसेल तर त्या वीस नावांचं काय होतं? यादी होते. आणि यादी कुणाच्यातरी टेबलावर पडते. तुला भीती वाटते ती याच यादीची आहे आणि ती भीती बरोबर आहे.

चांगलं करता येतं. सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटीत २००९ पासून एक पद्धत आहे, फॉर्म बिननावाचा, भरणाऱ्याने स्वतःच एक टोपणनाव घ्यायचं, समुपदेशक उत्तर वाचून त्याच वेबसाइटवर त्या टोपणनावाला लिहितो, बोलणं तिथेच होतं आणि समोर यायचं की नाही ते भरणाऱ्याने ठरवायचं. शोधायचं काम फॉर्मने नाही करायचं, दार उघडं ठेवायचं. आम्ही आमच्याकडे पैशाशिवाय जमेल तेवढं केलं. लायब्ररीत छापील फॉर्म ठेवले मराठीतले (हा फॉर्म वापरायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत), प्रत्येकावर आकडा, खालचा तुकडा फाडून आपल्याकडे ठेवायचा, बेरीज स्वतः करायची, वाटलं तर पेटीत टाकायचा. बाहेरगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी फोनवर वेळ दिला, तिथे फक्त आकडा सांगायचा. पहिल्या महिन्यात पेटीत आलेल्या फॉर्ममध्ये शून्याच्या ओळी नव्हत्या. किती होत्या, किती पॉझिटिव्ह ते मी इथे लिहिणार नाही, मुलांना शब्द दिलाय.

कायद्याचं पण माहीत असू दे. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७, कलम २३, मानसिक आजाराच्या इलाजाची माहिती गुप्त ठेवणं हा पेशंटचा हक्क आहे. जिवाला धोका वगैरे थोडे अपवाद आहेत, पण डिपार्टमेंटला कळवणं हा त्यातला अपवाद नाही. अर्थात तो लागू होतो तू पेशंट म्हणून गेल्यावर. गूगल फॉर्म म्हणजे इलाज नाही. म्हणून माझं मत, तो फॉर्म खरा भरायची तुझ्यावर काही जबाबदारी नाही. पण तुझा खरा स्कोअर १७ आहे आणि तो घेऊन तू कुणाकडे तरी जायलाच हवं. फॉर्म आणि तू, या दोन गोष्टी वेगळ्या कर.

केळीवाला_रावेर

मी डॉक्टर नाही. रावेर तालुक्यात केळी आहे आमची. माझा मुलगा पीजी करतो, मोठ्या शहरात. मुलाने ही लिंक पाठवली म्हणून वाचलं.

बेटा तू आईला जेवले म्हणते ना, आमचा पण तेच म्हणायचा. कायले काळजी करता बाबा, जेवलो, झोपलो, मस्त चालू आहे. आम्ही आनंदात, गावात सांगत फिरायचो पोरगा सर्जन होऊन राहिला. केळीवर करपा आला तर मला पानावरच्या बारीक ठिपक्यावरून कळतं, रोज सकाळी बागेत चक्कर असते म्हणून कळतं. पोराला आठ महिने पाहिलंच नव्हतं. त्याच्या मित्राने फोन केला की काका एकदा येऊन जा. मी कामायनी एक्सप्रेस पकडून गेलो, सोबत त्याच्या आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. हॉस्टेलच्या खोलीत तो पाठमोरा बसलेला, शर्टाच्या खांद्याची शिवण दंडावर आलेली इतका वाळला होता. बोलला नाही. मी भाकर मोडून त्याच्या हातात दिली, त्याने अर्धी खाल्ली आणि मग रडला, लहानपणी पण तो असा रडला नव्हता.

मी विचारलं सांगितलं का नाही. म्हणे बाबा, सीट सोडली तर दंड भरावा लागला असता, तुम्ही जमीन विकली असती. अरे बेटा, जमीन तर तुझ्याचसाठी ठेवली ना. त्याला तीन आठवडे घरी आणलं, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू आहेत, परत जॉइन झाला. आता रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, काही बोलत नाही कधी कधी, नुसता फोन समोर ठेवून जेवतो, आम्ही पण जेवतो.

आईला खरं सांग. तिला डिप्रेशन हा शब्द समजणार नाही कदाचित, पण 'माय, मले बरं वाटत नही' एवढं समजेल.

जुना_सर्जन_धुळे

मी नव्वदच्या दशकात एमएस केलं. मॅडमनी लिहिलेलं सगळं पटतं पण माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही लोक नऊ प्रश्न विचारता, मला दहावा विचारायचाय, या आठवड्यात किती तास काम केलं? तो का विचारत नाही कुणी? १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला ४८ तास. आम्ही शिकत असताना तो कागद होता. २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आहे. २०२४ मध्ये एनएमसीच्याच (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने सांगितलं की ७४ तासांच्या वर नको आणि सात-आठ तास झोप मिळाली पाहिजे. म्हणजे ४८ वरून ७४ वर आलो, आणि ७४ सुद्धा आज कुठल्याही जेआर वनला सांगा, तो विचारेल की सर त्यातली इमर्जन्सी वेगळी का. त्याच अहवालात पीजींपैकी १५.३ टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं आणि आत्महत्येचे विचार आल्याचं ३१ टक्क्यांच्या वर. या दोन आकड्यांमध्ये जे उरतात ते तुमच्यासारखे, आजार आहे असं अजून कुणी सांगितलेलं नसलेले.

माणसाला ३६ तास जागं ठेवायचं आणि मग विचारायचं मागच्या दोन आठवड्यांत थकवा वाटला का, हे मला पटत नाही. ड्युटी रोस्टर भिंतीवर लावा, प्रत्येकाचे तास मोजा, ते डीनच्या सहीने बाहेर जाऊ द्या, निम्मं डिप्रेशन तिथे दिसेल. मी स्वतः पोरांना राऊंडवर ओरडत होतो, वर्षानुवर्षे, आमच्यावर ओरडले म्हणून. त्यातल्या एकाने मधेच सोडलं, गावाकडे जनरल प्रॅक्टिस करतो, मागच्या वर्षी एका लग्नात भेटला, पाया पडला माझ्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाई, तुम्ही इलाज घ्या. आणि सुट्टी लेखी मागा, तोंडी नको. लेखी नाकारायला लोक कचरतात.

मनोविकार_जेआर_थ्री

सर, तास कमी झालेच पाहिजेत, पण तेवढ्याने संपेल असं मला वाटत नाही. माझ्या ब्रँचला तास कमीच असतात आणि तरी मला झालं. माझ्याकडे येणारे रेसिडेंट तासांबद्दल बोलतात ती पहिली दहा मिनिटं, त्यानंतर बोलतात ते पेशंटसमोर कसं बोलले गेले त्याबद्दल, फाइल फेकली त्याबद्दल, पहिला पेशंट हातात गेला आणि कुणी दोन शब्द बोललं नाही त्याबद्दल. २०१५ मध्ये जगभरातल्या ५४ अभ्यासांची बेरीज छापून आली होती, १७,००० च्या वर रेसिडेंट, २८.८ टक्क्यांना डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं. त्यात असेही देश आहेत जिथे तासांना कायद्याने मर्यादा आहे. तुम्ही ओरडण्याबद्दल लिहिलंत ते तुमच्या वयाच्या कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. हे एकदा तुमच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बोला ना, खरंच, आमच्या शंभर फॉर्मपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

आणि साक्री, तू कशी आहेस? रिप्लाय नाही तुझा दोन दिवस.

साक्रीची_जेआर_वन

आहे. सलग इमर्जन्सी होती म्हणून लिहिता आलं नाही, सॉरी, सगळं वाचलं, काकांचं तर वॉर्डच्या बाथरूममध्ये जाऊन दोनदा वाचलं.

पहिल्या रात्रीच १४४१६ ला फोन केला. टेरेसवर गेले होते कपडे आणायच्या निमित्ताने, मग वाटलं टेरेसवर नको, खाली मेसच्या मागच्या कट्ट्यावर येऊन केला. एक बाई बोलल्या, नाव विचारलं, मी खोटं सांगितलं, त्यांनी काही म्हटलं नाही. पंचवीस मिनिटं. मी बहुतेक वेळ रडलेच. त्यांनी विचारलं आत्ता सोबत कोण आहे, मी म्हटलं को-पीजी झोपलीय रूमवर, त्या म्हणाल्या उठवा तिला. मी उठवलं. ती झोपेत होती, तिला वाटलं कॉल आलाय वॉर्डचा, चप्पल घालायला लागली, मी म्हटलं कॉल नाही, मला तुझ्याशी बोलायचंय.

फॉर्म मी भरला नाही. टॅब बंद केली. त्याऐवजी आम्ही सात जणांनी मिळून अर्ज लिहिला, सह्या सगळ्यांच्या एका गोलात केल्या, पहिली कुणाची ते कळू नये म्हणून, की फॉर्म बिननावाचा करा, कोण वाचणार त्याचं नाव फॉर्मवर लिहा आणि ते आमच्या डिपार्टमेंटमधले नसावेत. मॅडम, तुमची आकड्याच्या तुकड्याची आयडिया जशीच्या तशी लिहिली त्यात. दिलाय, शनिवारची मुदत तरी पुढे ढकललीय, बाकी अजून काही उत्तर नाही.

शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली, दुसऱ्या जिल्ह्यात, तुम्ही केलं तसंच. को-पीजीने माझी दुपारची ड्युटी घेतली. घेताना म्हणाली, जाऊन ये, आणि त्या डॉक्टरांचा नंबर मलाही पाठव.

आईला अजून सांगितलं नाही. पण काल तिने जेवनी का विचारलं तेव्हा नाही म्हटलं. ती थोडा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली रविवारी तुझ्या दादाला डबा घेऊन पाठवते.

सुट्टीचा अर्ज लेखी दिला सर. दोन दिवसांचा. कानबाई तर होऊन गेली.

मनोविकार_जेआर_थ्री

टीएसएच आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट शुक्रवारी सोबत घेऊन जा, नाहीतर परत चक्कर पडेल. नऊ प्रश्नांची तुझी उत्तरं, ती पहिली, एका कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर सगळं बरं आहे म्हणायची सवय आहे तुला. को-पीजीला सांग तिनेही तिचा कागद भरून ठेवावा. शुक्रवारी रात्री इथे एक ओळ टाक.